पंगत, लग्न आणि खांदा : सेरामपूरच्या बॅप्टिस्ट मंडळीची पहिली बारा वर्षे

सेरामपूर म्हणजे बंगालमधले श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे. हुगळीच्या पश्चिम काठावर, बराकपूरच्या समोर. १८०० साली ते डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि कागदोपत्री त्याचे नाव फ्रेडरिक्सनगर होते. तिथल्या बॅप्टिस्ट मंडळीची, म्हणजे चर्चची, स्थापना २४ एप्रिल १८०० ही धरली जाते. त्या दिवशी उपकारस्तुतीची सभा झाली, सभासदांनी एकमेकांशी करार केला, मिशनरी विल्यम कॅरी पाळक आणि त्यांचे सहकारी जॉन फाउंटन व जोशुआ मार्शमन डीकन (मंडळीच्या कारभारात मदत करणारे सेवक) म्हणून निवडले गेले. बॅप्टिस्ट पद्धतीने मंडळी उभी राहायला एवढे पुरते. वर कुणी बिशप नसतो आणि कुणाची सनद लागत नाही. विश्वास जाहीर करून पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलेली माणसे एकत्र येतात, करार करतात, आपले सेवक निवडतात आणि प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ एका मेजावर भाकर आणि प्याला वाटून घ्यायला, बसतात.

पण त्या दिवशीच्या मंडळीत एकही बंगाली माणूस नव्हता. ती इंग्रजांनी इंग्रजांसाठी मांडलेली मंडळी होती, आणि तशी एक मंडळी आधीच मांडून झाली होती. ती वाढली नाही. सेरामपूरची वाढली. या दोहोंत नेमका कोणता फरक पडला, हेच या प्रकरणात पाहायचे आहे. आमच्या मते ही मंडळी खऱ्या अर्थाने स्थापन झाली ती तीन प्रसंगांत : डिसेंबर १८०० मधले एक जेवण, एप्रिल १८०३ मधले एक लग्न आणि ऑक्टोबर १८०३ मधली एक अंत्ययात्रा. रोटीव्यवहार, बेटीव्यवहार आणि खांदा. भारतात माणूस कुणाचा, हे या तीन ठिकाणी ठरते.

आधीचा प्रयत्न : मदनाबाटी

कॅरी मूळचे नॉर्दॅम्पटनशरमधले चांभार. पुढे ते मोल्टन आणि लेस्टर इथल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचे पाळक झाले. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग इथे एका विधवा बाईंच्या घरात बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी निघाली. पहिली वर्गणी १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. पुढच्याच वर्षी कॅरी कुटुंबासह आणि जॉन टॉमस या जहाजावरच्या डॉक्टरांबरोबर निघाले आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्याला उतरले. कंपनी सरकारचा परवाना नव्हता, जवळचे पैसे लवकरच संपले. काही महिने सुंदरबनच्या कडेला काढल्यावर १७९४ साली मालद्याकडच्या मदनाबाटी इथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. तिथेच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला, आणि पत्नी डॉरथी यांचे मन कायमचे ढळले.

मदनाबाटीला १७९५ साली मंडळी स्थापन झाली. सभासद चार, चौघेही इंग्रज. कॅरी बंगाली शिकले, गावोगाव हिंडून बोलले, नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ताविषयीच्या भागाचे, भाषांतर त्यांनी जवळजवळ पुरे केले. पण १७९९ संपेपर्यंत एकाही बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही.

प्रवचने कमी पडली म्हणून असे झाले नाही. एक तर कॅरी कारखान्याचे साहेब होते. समोर बसून ऐकणाऱ्यांत त्यांच्या पगारावरचे लोक असत, आणि मालकापुढे माना डोलावणे ही श्रद्धा नव्हे. पण त्याहून मोठी अडचण अशी की, ज्याला पटले त्याने जायचे कुठे, याला उत्तर नव्हते. जात गेली की पाणी तुटते, बलुते तुटते, मुलीचे लग्न मोडते, मेल्यावर उचलायला कुणी येत नाही. कॅरींचे मुनशी रामराम बसू यांना ख्रिस्ती शिकवण उत्तम समजली होती, त्यांनी त्यावर बंगालीत लिहिलेही, पण बाप्तिस्मा त्यांनी कधी घेतला नाही. चार इंग्रजांची मंडळी अशा माणसाला आशीर्वाद देऊ शकत होती, पण चूल, सोयरीक आणि चार खांदेकरी देऊ शकत नव्हती.

घर आणि घराचे नियम

ऑक्टोबर १७९९ मध्ये क्रायटीरियन या अमेरिकी जहाजाने दुसरी तुकडी आली : मार्शमन पती-पत्नी, छापखान्याचे काम जाणणारे विल्यम वॉर्ड, ब्रन्सडन पती-पत्नी आणि ग्रँट कुटुंब. कंपनी त्यांना आपल्या हद्दीत राहू देईना. सेरामपूरचे डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी आसरा दिला आणि तो मागे घेतला नाही. ग्रँट तीन आठवड्यांच्या आत वारले. मदनाबाटी सोडून कॅरी १० जानेवारी १८०० रोजी सेरामपूरला येऊन मिळाले.

नदीकाठचे मोठे घर ६,००० रुपयांना विकत घेतले. रक्कम ऐकून सगळे दचकले, पण हिशेब असा होता की चार वर्षांच्या भाड्यातच तेवढे पैसे गेले असते. मधे ओसरी आणि मोठे दालन, दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्या, पुढच्या अंगाला आणखी दोन सुट्या खोल्या, बाजूला एक वखार, भोवती भिंत, मागे बाग आणि मधोमध तळे. दालनात उपासना आणि वखारीत छापखाना. मंडळीला वेगळे देऊळ बांधावे लागले नाही, हा पहिल्या वर्षातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

घर एक, चूल एक, तिजोरी एक. वॉर्ड यांच्या रोजनिशीतली १८ जानेवारीची नोंद नियम सांगते. प्रवचन आणि प्रार्थना पाळीपाळीने. घरकारभार एकाकडे एक महिना, मग दुसऱ्याकडे. कॅरी खजिनदार, औषधांची पेटीही त्यांच्याकडे. फाउंटन ग्रंथपाल. कुणीही खासगी धंदा करायचा नाही, मिळेल ते मिशनचे. आणि शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली : आठवडाभरात झालेले रुसवेफुगवे, तंटे त्या वेळी समोरासमोर मिटवायचे आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा द्यायचे.

हा शनिवारचा नियम वरवर साधा दिसतो, पण मंडळी टिकली ती बरीचशी त्याच्यामुळे. बाहेरून दिसते त्यापेक्षा ते घर फार दुखावलेले होते. एका खोलीत डॉरथी यांचा आजार चाललेला, ग्रँट यांची विधवा पत्नी मुलांसह तिथेच, फाउंटन ऑगस्ट १८०० मध्ये गेले, ब्रन्सडन जुलै १८०१ मध्ये, टॉमस त्याच ऑक्टोबरात. अशा घरात रविवारी एका भाकरीतून प्रभुभोजन घ्यायचे, तर आदल्या रात्री मन मोकळे झालेले असणे भाग होते. रविवारच्या मेजाची तयारी शनिवारी होत असे.

दिवसाची घडीही ठरलेली. सहाला उठणे, कॅरी बागेत, सातला मार्शमन शाळेत आणि वॉर्ड, ब्रन्सडन व कॅरींचा मोठा मुलगा फेलिक्स छापखान्यात. आठला घंटा, दालनात गीत, वाचन, प्रार्थना, मग न्याहारी. दुपारी तीनला जेवण आणि जेवणानंतर एखाद्या वचनावर प्रत्येकाने बोलायचे. गुरुवारी संध्याकाळी अनुभवकथनाची सभा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी न्याहारीआधी दोन तास प्रार्थना. छापखान्यात दाबयंत्रावर पाच माणसे, एक घड्या घालणारा, एक बांधणारा. अर्ध्या तावाचे तीन फर्मे, प्रत्येकी २,००० प्रती, हे आठवड्याचे काम. बंगाली नवा करार ७ फेब्रुवारी १८०१ रोजी छापून पुरा झाला, आणि बांधलेली पहिली प्रत प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवण्यात आली.

जेवण : २२ डिसेंबर १८००

नोव्हेंबरच्या शेवटी नदीवर अंघोळीला निघालेले कृष्ण पाल घसरून पडले आणि त्यांचा हात खांद्यातून निखळला. ते सुतार होते, वय पस्तिशीच्या आसपास, आधी कर्ताभजा या बंगालमधल्या भक्तिपंथातले. टॉमस यांनी त्यांना झाडाला बांधून, ओढून हात बसवला. औषधपाण्याच्या निमित्ताने येणे-जाणे वाढले. कृष्ण पाल, त्यांचे मित्र गोकुळ, पत्नी रसमयी आणि मेहुणी जयमणी हे सगळे बोलू-विचारू लागले. फकीर नावाचा आणखी एक माणूस होता. त्याने मंडळीपुढे साक्ष दिली, मग मुलाला आणतो म्हणून गावी गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. बॅप्टिस्ट मंडळीत उमेदवाराला सर्व सभासदांसमोर आपला विश्वास सांगावा लागतो आणि मग मंडळी त्याला स्वीकारायचे की नाही ते ठरवते. फकीराने ही पायरी पार केली होती. पण साक्ष आणि बाप्तिस्मा यांच्यामधल्या काळात, एकदा माणूस आपल्या घरी परतला की काय होते, हे त्याच्यावरून कळले.

२२ डिसेंबरला, सोमवारी, कृष्ण पाल आणि गोकुळ मिशनच्या घरी आले आणि उघडपणे सर्वांबरोबर जेवायला बसले. त्यांना तसे करण्याची कुणी अट घातली नव्हती. पण बाप्तिस्म्याआधी जेवण झाले हे फार योग्य झाले. पाण्यात उतरल्यावर मागे फिरणारा माणूस मंडळीचेही नुकसान करतो. पंगतीतून उठलेल्या माणसाला मागे फिरायला वाटच उरत नाही, म्हणून त्याचा निर्णय आधीच पक्का झालेला असतो.

बातमी नोकरांकडून गावात पसरली. सुमारे दोन हजारांचा जमाव जमला आणि त्या दोघांना ओढत डॅनिश मॅजिस्ट्रेटपुढे नेले. मॅजिस्ट्रेटला गुन्हा दिसेना, त्याने सोडून दिले. मग जमावाने खरे हत्यार काढले : कृष्ण पाल यांची मुलगी गोलोक हिची सोयरीक कलकत्त्याच्या मोहनशी झालेली आहे आणि बाप तिला देत नाही, अशी तक्रार. गव्हर्नरांनी मुलीवर बळजबरी होऊ दिली नाही आणि घरावर पहारा बसवला. मात्र पुढे १८०१ मध्ये गोलोकला माणसे घालून कलकत्त्याला उचलून नेण्यात आलेच. ती बऱ्याच काळाने परतली आणि मग तिचा बाप्तिस्मा झाला. मंडळीने भाकरीचा प्रश्न सोडवला होता, मुलींचा अजून सोडवला नव्हता. नव्या मंडळीचा हा उघडा पडलेला भाग होता आणि विरोधकांनी तो अचूक ओळखला.

पाणी : २८ डिसेंबर

त्या गदारोळाने गोकुळ आणि दोन्ही स्त्रिया आयत्या वेळी थांबल्या. रविवारी बाप्तिस्म्याला दोघेच उरले : फेलिक्स आणि कृष्ण पाल. टॉमस सतरा वर्षे या दिवसाची वाट पाहत होते. आनंदाच्या भराने त्यांचे मन सुटले आणि त्यांना खोलीत कोंडून ठेवावे लागले. दुसऱ्या बाजूला डॉरथी. त्यांच्या आरडाओरड्यात, एका हाताला मुलगा आणि दुसऱ्या हाताला सुतार घेऊन कॅरी दालनातून समोरच्या घाटावर चालत गेले.

घाटावर गव्हर्नर बी, युरोपीय, पोर्तुगीज, हिंदू, मुसलमान अशी गर्दी. कॅरींनी आधी बंगालीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली : या नदीत आम्ही काही पावित्र्य मानत नाही, हे नुसते पाणी आहे. हे वाक्य वगळले असते तर सगळा विधी उलटा समजला गेला असता. गंगेत बुडी मारून पाप धुण्याची कल्पना समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होती. बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीला भारतात ही अडचण येतेच, नुसते पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांना ती तेवढी येत नाही. मग फेलिक्सला इंग्रजी शब्दांत आणि कृष्ण पाल यांना बंगाली शब्दांत बाप्तिस्मा दिला. गव्हर्नरांच्या डोळ्यांत पाणी आले. दुपारी बंगालीतून पहिले प्रभुभोजन झाले.

पुढच्या काही महिन्यांत जयमणी, रसमयी आणि गोकुळ हेही आले. कृष्ण पाल यांनी आपल्या घरासमोर स्वखर्चाने उपासनेची जागा बांधली. त्यांनी रचलेले एक बंगाली गीत मार्शमन यांनी इंग्रजीत नेले, आणि ते इंग्रजी गीतसंग्रहांत रुजले.

दोन निर्णय त्याच काळात घेतले गेले आणि दोन्ही महत्त्वाचे. पहिला, नावे बदलायची नाहीत. नव्या करारातल्या ख्रिस्ती लोकांची नावेही मूर्तिपूजक देवतांवरून आलेली होतीच, म्हणून कृष्ण हे कृष्णच राहिले. दुसरा, मेजावर जात नाही. दक्षिणेत त्रांकेबारच्या जुन्या ल्यूथरन मिशनने मंडळीत जातीची वेगळी बैठक चालवून घेतली होती. सेरामपूरने ती पहिल्या दिवसापासून नाकारली. भाकर एक, प्याला एक. पुढे कायस्थ पीतांबर सिंग आले, ब्राह्मण कृष्णप्रसाद आले, आणि दोघेही सुताराच्या शेजारी बसले.

लग्न आणि खांदा : १८०३

कृष्णप्रसाद आणि कृष्ण पाल यांची मुलगी आनंदी यांचे लग्न एप्रिल १८०३ मध्ये झाले. ब्राह्मण मुलगा, सुताराची मुलगी. विधी कुठला वापरायचा, हा प्रश्न होता. हिंदू विधी शक्य नव्हता, इंग्रजी चर्चचा विधी बंगाली माणसाला परका. म्हणून छापील करारपत्र तयार केले. कृष्ण पाल यांच्या घरासमोरच्या झाडाखाली सगळे बसले. कॅरींनी लग्नाचा अर्थ सांगितला, बायबलमधला काना गावच्या लग्नाचा उतारा वाचला, मग करारपत्र वाचले. वधूवरांनी हातात हात घेऊन एकामागून एक वचन दिले, सह्या केल्या, साक्षीदारांनी सह्या केल्या. संध्याकाळी नवऱ्यामुलाकडचे जेवण, बंगाली घरात, इंग्रज आणि बंगाली एकत्र. करारपत्राचा उपयोग फक्त दिखाव्याचा नव्हता. गोलोकच्या वेळी मंडळीकडे दाखवायला कागद नव्हता. आता लग्नाला तारीख, सह्या आणि साक्षीदार होते.

सहा महिन्यांनी गोकुळ वारले. मंडळीतला हा पहिला बंगाली मृत्यू. सेरामपुरात युरोपीय माणसाचे प्रेत न्यायला गरीब पोर्तुगीज भाड्याने मिळत. तेच केले असते तर गावाने म्हटले असते, बाटला आणि भाडोत्री खांद्यावर गेला. जात सोडणाऱ्याला घालायची ती सर्वांत मोठी भीती होती. कृष्ण पाल यांनी स्वतःच्या पैशाने शवपेटी केली आणि ती आतून-बाहेरून पांढऱ्या मलमलीने मढवली. खांदा दिला चौघांनी : मार्शमन, फेलिक्स कॅरी, बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण भैरव आणि बाप्तिस्मा घेतलेले मुसलमान पीरू. गीत गात ते गावातून गेले. बघणाऱ्या शेजाऱ्यांना त्या दिवशी कळले असेल की ही माणसे आता एकमेकांची आहेत. दफनासाठी जमीन नुकतीच घेऊन ठेवली होती. नवी मंडळी उभी करताना स्मशानभूमीची सोय लोक शेवटी आठवतात आणि मग मृताच्या घरच्यांचे हाल होतात. इथे ती वेळ आली नाही.

पैसा, आणि त्यातला मराठीचा वाटा

सोसायटीचे पैसे जहाजाने यायचे आणि पुरायचे नाहीत. खरी कमाई तीन ठिकाणची : मार्शमन पती-पत्नींच्या निवासी शाळा (मे १८०० पासून), छापखाना आणि कॅरींचा पगार. एप्रिल १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांना बंगाली शिकवण्यासाठी दरमहा ५०० रुपये ठरले. पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आली आणि पगार १,००० झाला. तो सगळा सामाईक तिजोरीत जाई. कॉलेजात नीट कपड्यांत जाता यावे म्हणून त्यांना थोडी जादा रक्कम मिळे, एवढेच.

म्हणजे या मंडळीची चूल काही अंशी मराठीच्या शिकवणीवर पेटत होती. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने कॅरींनी १८०५ साली मराठी व्याकरण छापले, १८१० साली कोश, तोही मोडी खिळ्यांत. मत्तयचे शुभवर्तमान १८०५ चे, मराठी नवा करार १८११ चा.

या व्यवस्थेतला धोका मालमत्तेच्या कागदांत होता. घरे सोसायटीच्या नावे घेतली, विश्वस्त म्हणून मिशनऱ्यांची नावे घातली, आणि पैसा बराचसा त्यांच्याच कमाईचा. केटरिंगची जुनी पिढी होती तोवर कुणी प्रश्न केला नाही. ती गेल्यावर मालक कोण यावर लंडनशी वाद पेटला आणि १८२७ मध्ये सेरामपूर सोसायटीपासून वेगळे झाले. विश्वस्तपत्र पहिल्याच वर्षी नीट लिहिले असते तर निदान घरांवरून तरी भांडण झाले नसते.

मेज कुणासाठी

७ ऑक्टोबर १८०५ रोजी सर्वांनी अकरा कलमी करारावर सह्या केल्या. तो वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, वाचायचा होता. त्यातले एक कलम म्हणते की स्थानिक लोकांच्या वेगळ्या मंडळ्या झाल्या तर त्यांनी पाळक आणि डीकन आपल्याच देशबांधवांतून निवडावेत. कलम चांगले, पण खुद्द सेरामपूरचे पाळक कॅरीच राहिले. कृष्ण पाल यांना प्रचाराला कलकत्ता आणि पुढे सिल्हेटकडे पाठवले गेले. १८२२ साली ते कॉलऱ्याने वारले.

आणखी एक गाठ राहिली होती. ज्या मेजावर ब्राह्मण, सुतार आणि मुसलमान एकत्र बसले, त्याच मेजावर लहानपणी शिंपडून बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती माणसाला घ्यायचे का? १८०५ मध्ये, मुख्यतः वॉर्ड यांच्या आग्रहाने, मेज अशांना खुले झाले. इंग्लंडहून सोसायटीचे चिटणीस अँड्रू फुलर यांचा विरोध होता, आणि १८११ मध्ये ते पुन्हा बुडून बाप्तिस्मा घेतलेल्यांपुरते झाले. नियम म्हणून ते बॅप्टिस्ट शिकवणीला धरून होते. पण पंगतीने उभ्या राहिलेल्या मंडळीने पंगत आखडती घेतली, ही खंत आमच्या मनात राहते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतून बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या परंपरेतले तरुण मिशनरी आले. अदोनिराम आणि ॲन जडसन जहाजावरच बाप्तिस्म्याचा अभ्यास करत आले होते. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्याच्या लालबाजार चॅपलमध्ये वॉर्ड यांनी त्यांना बुडवून बाप्तिस्मा दिला. १ नोव्हेंबरला लूथर राइस यांनीही तो घेतला. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या जुन्या मतावर राहिले. कंपनीने त्यांना कलकत्त्यात टिकू दिले नाही, आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईला उतरले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. म्हणून नगर-सोलापूरकडे त्या मिशनमधून वाढलेल्या मंडळ्यांत आजही बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडले जाते.